घरच्या घरी बायबलच्या गोष्टी आणि हातांचे उद्योग : तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मूल किती वर्षांचे झाल्यावर सुरुवात करावी?

साधारण तीन वर्षांचे मूल सलग पाच-सात वाक्यांची गोष्ट ऐकून घेऊ शकते, म्हणून हे वय सोयीचे ठरते. त्याआधी गोष्ट सांगूच नये असे नाही; दोन वर्षांचे मूलही आजीच्या मांडीवर बसून मेंढरांचा आवाज काढते आणि नोहाच्या तारवात आपला लाकडी हत्ती ठेवते, आणि त्या वयाला तेवढे पुष्कळ असते. मात्र ठरवून केलेला पाठ, हातांचा उद्योग आणि पुन्हा आठवण करून देणे हा क्रम तीनच्या पुढेच नीट जमतो.

हे बालवाडीऐवजी करायचे की बालवाडीबरोबर?

दोन्ही शक्य आहे. शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वर्षे वयोगटासाठी आहे, त्यामुळे सहा वर्षांखालील मुलाला शाळेत घातलेच पाहिजे अशी कायद्याची सक्ती नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानून त्यात खेळ, गोष्टी आणि कृती यांवर भर दिला आहे. तरीही समवयस्क मुलांचा सहवास घरात तयार करता येत नाही, हे मान्य करायला हवे. त्यामुळे सकाळी बालवाडी आणि सायंकाळी घरी गोष्ट, अशी विभागणी बहुतेक कुटुंबांना परवडते. जे पालक बालवाडी टाळून सर्व काही घरीच करू इच्छितात, त्यांनी शब्बाथशाळा (चर्चमधला मुलांचा रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग), मैदान आणि नातेवाइकांची मुले यांच्यासाठी आठवड्यात आवर्जून जागा ठेवावी.

दिवसाला किती वेळ द्यावा?

गोष्टीला पाच ते आठ मिनिटे, उद्योगाला मूल रमेल तितका वेळ. नोकरी करणाऱ्या पालकांना रोज एवढेही जमत नाही. त्यांनी आठवड्यातून तीन संध्याकाळी ठरवून घ्याव्यात. ठरावीक वेळ आणि ठरावीक जागा, म्हणजे तीच चटई, तोच कोपरा, यांचा उपयोग साहित्यापेक्षा अधिक होतो, असे आमचे मत आहे.

खरा प्रश्न मिनिटांचा नसून गोष्टींच्या संख्येचा आहे. बाजारात मिळणाऱ्या आराखड्यांत रोज नवी गोष्ट, रोज नवे चित्र आणि रोज नवे हस्तकाम असते, आणि पालकांची त्यात फार दमछाक होते. या वयाच्या मुलाला तीच गोष्ट पुन्हा पुन्हा हवी असते. ‘आता दुसरी सांगते’ म्हटले की तेच नको म्हणते. म्हणून एक गोष्ट किमान आठवडाभर, शक्य असल्यास दोन आठवडे चालवावी. वर्षभरात वीस-पंचवीस गोष्टी झाल्या तरी उत्तम झाले. पहिल्या दिवशी फक्त गोष्ट सांगावी, दुसऱ्या दिवशी वस्तू हाताळू द्याव्यात, तिसऱ्या दिवशी मुलालाच सांगू द्यावे आणि पुढचे दिवस त्याच्या खेळावर सोडावेत.

कोणत्या गोष्टींनी सुरुवात करावी?

ज्या गोष्टींत एखादे मूल आहे, किंवा घरातल्या ओळखीच्या वस्तू आहेत, त्या आधी घ्याव्यात. निर्गमाच्या दुसऱ्या अध्यायात बाळ मोशेला टोपलीत ठेवून नदीकाठच्या लव्हाळ्यांत सोडले जाते आणि त्याची बहीण काय होते ते पाहत दूर उभी राहते. घरात धाकटे भावंड असलेल्या मुलीला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. पाच भाकरी आणि दोन मासे यांचा चमत्कार चारही शुभवर्तमानांत आहे, पण भाकरी घेऊन आलेला मुलगा केवळ योहानाच्या सहाव्या अध्यायात भेटतो. तेव्हा लहान मुलांसाठी योहानाचीच कथा धरावी.

शमुवेलाची गोष्ट सांगताना रात्री आलेली देवाची हाक सर्वांना आठवते, मात्र त्याच्या आधीचा एक तपशील बहुधा सुटतो. १ शमुवेल २:१९ मध्ये त्याची आई हन्ना दर वर्षी मंदिरात राहणाऱ्या आपल्या मुलासाठी एक लहानसा झगा शिवून नेत असे, असे म्हटले आहे. मुलाचे गेल्या वर्षीचे, त्याच्याही आधीचे आणि अगदी तान्हेपणीचे झबले कपाटातून काढून जमिनीवर ओळीने मांडावे आणि मग ही गोष्ट सांगावी. हन्नाला दर वर्षी झगा थोडा मोठा का करावा लागत असेल, हे मूल स्वतःच सांगते. लहान-मोठ्याचा क्रम लावणे हा बालवाडीतला पाठही त्यातच होऊन जातो.

एखादी गोष्ट प्रत्यक्ष कशी घ्यावी, याचे सविस्तर उदाहरण द्याल का?

लूकच्या पंधराव्या अध्यायातील हरवलेल्या नाण्याचा दाखला घेऊ. एका बाईजवळ दहा नाणी असतात. त्यांतले एक हरवते. ती दिवा लावते, घर झाडते, सापडेपर्यंत शोधत राहते आणि सापडल्यावर मैत्रिणींना व शेजारणींना बोलावून आनंद करते. याच अध्यायातील हरवलेल्या मेंढराची गोष्ट अधिक प्रसिद्ध आहे, पण शंभर ही संख्या चार वर्षांच्या मुलाच्या आवाक्यात नसते. दहा मात्र त्याच्या बोटांवर असतात.

पहिल्या दिवशी एका वाटीत एक रुपयाची दहा नाणी घेऊन ती मुलाबरोबर मोजावीत आणि गोष्ट सांगावी. दुसऱ्या दिवशी मूल दुसऱ्या खोलीत असताना एक नाणे पायपुसण्याखाली किंवा पलंगाच्या पायाशी ठेवावे; मग वाटीतली नाणी मोजायला सांगावे. नऊ भरली की मुलाचा चेहरा पाहण्यासारखा होतो. आता खोलीतला दिवा मालवून पडदे ओढावेत आणि मुलाच्या हाती बॅटरी द्यावी. लहान केरसुणी असल्यास तीही द्यावी, आणि खरोखरच झाडू द्यावे. कोपऱ्यातला कचरा सुपलीत भरण्यापर्यंत सर्व काही त्याने करावे. शोध थोडा लांबला तरी चालेल, पण मूल रडकुंडीला येईपर्यंत ताणू नये. नाणे सापडले की शेजारणींना बोलावण्याचा भाग विसरू नये, कारण दाखल्याचा भर तिथेच आहे. आजीला हाक मारावी, गावी असलेल्या आजोबांना फोन लावावा, सर्वांना एकेक बिस्किट द्यावे.

पुढच्या दिवसांत नाणी कागदाखाली ठेवून वर खडूने घासून छाप उठवता येतात, किंवा मुलगा लपवील आणि आई शोधील असा उलटा खेळ खेळता येतो. मुलांना हा उलटा खेळच जास्त आवडतो, आणि आईला केव्हा सापडायचे याच्या सूचनाही तीच देतात.

साहित्य कोणते लागते? खर्च किती येतो?

खर्च जवळजवळ काहीच येत नाही. महाराष्ट्रात ही वाट नवी नाही. पंडिता रमाबाईंनी १८८६ ते १८८८ या काळात अमेरिकेत असताना जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेल यांच्या बालोद्यान (किंडरगार्टन) पद्धतीचा अभ्यास केला होता. पुढे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे काम सुरू केले, तेव्हा माँटेसरी पद्धतीची महागडी साधने बाजूला ठेवून खडे, शंखशिंपले, पाने, बिया अशा परिसरातल्या वस्तूंनी मुलांना शिकवले. आपल्या घरातही हेच करावे.

मोहरीच्या दाण्याचा दाखला सांगायचा तर मोहरी मिसळणाच्या डब्यातच आहे. एकच दाणा मुलाच्या तळहातावर ठेवून तो हरवू न देता खोलीच्या दुसऱ्या टोकाला न्यायला सांगावे. सृष्टीच्या उत्पत्तीसाठी नारळाच्या करवंटीत माती भरून मेथी पेरावी. ती तीन-चार दिवसांत उगवते, आणि आठवड्याच्या आत काही दिसले नाही तर या वयाच्या मुलाची उत्सुकता टिकत नाही. खडकावरचे घर आणि वाळूवरचे घर यांसाठी परात, वाळू, एक चपटा दगड आणि तांब्याभर पाणी पुरते. नोहासाठी घमेल्यात पाणी घेऊन करवंटी, चमचा, बूच, खडा यांतले काय तरंगते आणि काय बुडते ते पाहावे, आणि घरातल्या सगळ्या चपला एकत्र करून जोड्या लावायला सांगाव्यात. जक्कय उंबराच्या झाडावर चढला होता. तेव्हा त्या आठवड्यात फिरायला जाताना उंबर दाखवावा, खोडालाच लगडलेली फळे पाहू द्यावीत आणि खाली पडलेली पाने गोळा करून त्यांचे ठसे काढावेत. जक्कयाचे झाड अंजिराच्या कुळातले आणि आपल्याकडच्या उंबराचे जवळचे नातलग आहे.

सुरक्षिततेविषयी मात्र तडजोड नसावी. तीन वर्षांखालील मुलाच्या हाती नाणी, खडे, चिंचोके किंवा मणी देऊ नयेत, कारण ते घशात अडकतात. गुंजा दिसायला सुंदर असल्या तरी त्या विषारी आहेत आणि एरंडाच्या बियाही तशाच. या दोन्ही घरात आणूच नयेत. पाण्याचे घमेले भरलेले असताना मुलाला क्षणभरही एकटे सोडू नये. मीठ घालून केलेली मैद्याची खेळणमाती टिकते खरी, पण सर्व काही तोंडात घालणाऱ्या मुलासाठी बिनमिठाची साधी कणीकच बरी. तिला हळदीने किंवा बिटाच्या रसाने रंग देता येतो.

अंक आणि मापे यांतूनच शिकवता येतात का?

येतात, आणि त्यासाठी गोष्ट वाकवावीही लागत नाही, कारण बायबलमध्ये आकडे पुष्कळ आहेत. दाविदाने ओढ्यातून पाच गुळगुळीत गोटे निवडले. पाच भाकरी आणि दोन मासे यांतून उरलेल्या तुकड्यांच्या बारा टोपल्या भरल्या.

मापांसाठी गल्याथासारखा दुसरा पाठ नाही. १ शमुवेल १७:४ मध्ये त्याची उंची सहा हात आणि एक वीत सांगितली आहे, आणि हात व वीत ही मापे आपल्या आजीला अजूनही ठाऊक आहेत. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात. प्रथम मुलाच्या हाताने भिंतीवर खडूने सहा खुणा कराव्यात आणि वर त्याची वीत जोडावी. चार वर्षांच्या मुलाच्या मापाने गल्याथ साधारण बाबांएवढा भरतो. मग बाबांच्या हाताने तेच माप घ्यावे. आता तो जवळजवळ दहा फुटांवर, छताला जाऊन टेकतो. कोणाच्या हाताने मोजले यावर माप बदलते, ही गोष्ट पहिलीच्या पुस्तकात येण्याआधीच मुलाला कळते. नोहाचे तारू तीनशे हात लांब होते, म्हणजे सुमारे साडेचारशे फूट. क्रिकेटच्या जवळजवळ सात खेळपट्ट्या एकापुढे एक ठेवल्या तर तेवढी लांबी होते. मोकळे मैदान मिळाल्यास ते अंतर मुलाबरोबर चालून पाहावे.

अक्षरलेखनाची घाई करू नये. पाच वर्षांपर्यंत वाळूत किंवा रव्याच्या ताटात बोट फिरवणे, कणीक मळणे, कागदाच्या पट्ट्या विणून मोशेची टोपली करणे, एवढ्याने बोटांत बळ येते. नावाचे पहिले अक्षर मुलाने आपण होऊन विचारले तर जरूर दाखवावे.

गोष्ट वाचून दाखवावी की तोंडी सांगावी? कोणते भाषांतर वापरावे?

तोंडी सांगावी. पालकाने आधी तो भाग स्वतः पवित्र शास्त्रातून वाचावा, कारण लहानपणी ऐकलेल्या गोष्टीत आपण नकळत बरेच काही घालत असतो. योनाला गिळणारा प्राणी मूळ कथेत ‘मोठा मासा’ आहे, आणि बाळ येशूला भेटायला पूर्वेकडून आलेले मागी लोक (ज्ञानी पुरुष) तीन होते असे मत्तयाने कुठेही म्हटलेले नाही. स्वतः वाचल्यावर आपल्या घरच्या बोलीत सांगावे. सामान्य स्त्रियांना समजेल अशा मराठीत बायबल असावे म्हणून पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांतून भाषांतर केले. त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये ते प्रसिद्ध झाले. तोच हेतू डोळ्यांसमोर ठेवून वसईच्या आईने सामवेदीत आणि अहिल्यानगरच्या आईने आपल्या बोलीत सांगितले तरी काही बिघडत नाही. मूल इंग्रजी माध्यमात जाणार असले तरी गोष्टीची भाषा घरचीच ठेवावी.

जलप्रलय, इसहाकाचे अर्पण, वधस्तंभ : भीतीदायक भागांचे काय करावे?

सर्वच गोष्टी या वयासाठी नाहीत. अब्राहाम आपला मुलगा इसहाक याचे अर्पण करायला निघतो ती गोष्ट, मिसरातील प्रथमजन्मलेल्यांचा मृत्यू आणि गल्याथाचे शिर कापण्याचा प्रसंग सहा वर्षांपर्यंत सांगू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. आपल्याच वडिलांच्या हातात सुरी आहे हे चित्र चार वर्षांच्या मुलाच्या मनात कसे बसेल, हे आपल्याला बाहेरून दिसत नाही.

नोहाची गोष्ट सर्वत्र पहिल्याच आठवड्यात सांगितली जाते, ती चित्रांतल्या गोंडस प्राण्यांमुळे. ती सांगायला हरकत नाही. पण एखादे मूल थेट विचारते, ‘बाकीची माणसे कुठे गेली?’ त्या वेळी विषय बदलू नये आणि खोटेही सांगू नये. ‘ती माणसे पाण्यात मेली, आणि ते फार दुःखाचे होते. म्हणून देवाने पुन्हा असे करणार नाही असे वचन दिले आणि ढगांत धनुष्य ठेवले,’ इतके उत्तर पुरे आहे. मूल घाबरलेले दिसले तर पुढचे काही दिवस तारवातली जनावरे, कबुतर आणि जैतुनाचे पान यांवरच राहावे. पावसाळ्यात घराजवळ पाणी भरते अशा वस्तीत ही गोष्ट जून-जुलैत न सांगता हिवाळ्यात सांगावी.

येशूचे मरण टाळता येत नाही, कारण मूल उपासनेत आणि उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) ते ऐकतेच. तेव्हा ते थोडक्यात सांगावे, खिळे आणि रक्त यांचे वर्णन करू नये, आणि पुनरुत्थानाची सकाळ त्याच बैठकीत सांगावी. मुलाला रविवारपर्यंत ताटकळत ठेवू नये.

गोष्टीच्या शेवटी तात्पर्य सांगावे का?

शक्यतो सांगू नये. शमुवेल देवाचे ऐकत असे म्हणून तूही आईचे ऐक, दानीएल प्रार्थना करत असे म्हणून तूही डोळे मीट, असे प्रत्येक गोष्टीला शेपूट लावले की मूल लवकरच ओळखते की गोष्ट ही ओरडा खाण्याची प्रस्तावना आहे. जेवणाच्या वेळी भाजी टाकली म्हणून वाळवंटातल्या मान्न्याची (देवाने लोकांना दिलेल्या अन्नाची) आठवण करून देणे, हेही तसेच. गोष्टीनंतर एखादाच मोकळा प्रश्न विचारावा : तुला यातले कोण आवडले? तू तिथे असतास तर कुठे उभा राहिला असतास? उत्तर काहीही येवो, ते दुरुस्त करू नये. एखाद्या मुलाला हरवलेल्या मेंढरापेक्षा मागे राहिलेल्या मेंढरांची काळजी वाटते. वाटू द्यावी.

मूल बसतच नाही, किंवा उद्योग अर्धा टाकून पळते. काय करावे?

पळू द्यावे. उभे राहून, उड्या मारत ऐकणारे मूलही ऐकत असते. यरीहो शहराभोवती फेऱ्या मारून त्याची भिंत पाडण्याची गोष्ट अशाच मुलांसाठी राखून ठेवावी : मधोमध उशांची भिंत रचावी, तिच्याभोवती सहा फेऱ्या गुपचूप माराव्यात आणि सातव्या फेरीला आरोळी ठोकून भिंत पाडावी. शेजाऱ्यांच्या दुपारच्या झोपेची वेळ तेवढी सांभाळावी.

वचने पाठ करून घ्यावीत का?

छोटी, अर्थ लागणारी आणि मोजकी. ‘देव प्रीती आहे’ (१ योहान ४:८) ही तीन शब्दांची ओळ तीन वर्षांचे मूल सहज म्हणते. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ हे तेविसाव्या स्तोत्राचे पहिले वाक्य हरवलेल्या मेंढराच्या आठवड्यात घ्यावे. दिवाळीनंतर रस्त्याने मेंढरांचे कळप घेऊन जाणारे धनगर दिसतात त्या भागातल्या मुलांना मेंढपाळ म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. पाहुण्यांसमोर वचन म्हणून दाखवायला लावणे आणि त्याबद्दल चॉकलेट देणे, या दोन्ही सवयी सुरुवातीपासूनच टाळाव्यात.

घरात दोन वर्षांचे आणि पाच वर्षांचे अशी दोन मुले आहेत. दोघांना एकत्र कसे घ्यावे?

गोष्ट एकच, काम वेगळे. थोरल्याने भाकऱ्या थापाव्यात आणि मोजाव्यात, धाकट्याने कणकेचा गोळा नुसता दाबावा. लहान वस्तूंचा उद्योग धाकट्याच्या झोपेच्या वेळी करावा.

आई-वडिलांपैकी एकजण ख्रिस्ती नाही, किंवा शेजारची मुलेही येऊन बसतात. तेव्हा काय?

घरात दोन धर्मपरंपरा असतील तर काय सांगायचे आणि किती सांगायचे हे आई-वडिलांनी मुलाच्या अपरोक्ष आधी ठरवून घ्यावे. आजी-आजोबांनाही ते माहीत असावे. मुलासमोर दुसऱ्याच्या श्रद्धेबद्दल कमीपणाचा शब्द जाऊ नये.

शेजारची मुले आली तर त्यांच्या पालकांना स्पष्ट सांगावे की या वेळी आमच्याकडे बायबलची गोष्ट चालते, आणि त्यांची संमती असेल तरच त्यांना बसवावे. संमती नसेल तर त्यांना माती आणि रंगांच्या खेळाला बोलवावे आणि गोष्ट त्या दिवसापुरती रात्री सांगावी. कोणाचेही मूल त्याच्या पालकांच्या नकळत धर्मशिक्षणाला बसवू नये.

मूल विचारते, ‘देव दिसत का नाही?’ अशा वेळी काय उत्तर द्यावे?

आपला जो विश्वास आहे तो एका-दोन वाक्यांत सांगावा आणि थांबावे. उत्तर ठाऊक नसेल तर ‘मलाही नीट माहीत नाही, आपण रविवारी पाळकसाहेबांना किंवा फादरांना विचारू’ असे म्हणावे, आणि खरोखर विचारावे. मुले अशी आश्वासने विसरत नाहीत.

नाताळच्या दिवसांत काय वेगळे करावे?

गव्हाणी तयार विकत आणू नये. पेंढा, शाडूची माती आणि पुठ्ठ्याचा खोका घेऊन डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून रोज एकच मूर्ती करावी : आज गाय, उद्या मेंढपाळ, परवा योसेफ. बाळ येशू चोवीस तारखेच्या रात्री ठेवावा. मागी लोकांना खोलीच्या पूर्वेच्या खिडकीत उभे करून रोज थोडे पुढे सरकवावे. ते जानेवारीत पोचले तरी चालेल, कारण बऱ्याच मंडळ्यांत त्यांचा सण ६ जानेवारीलाच असतो. मातीच्या मेंढराला पाच पाय झाले तर ते तसेच राहू द्यावे.

मूल शिकते आहे हे कसे ओळखावे?

त्याच्या खेळाकडे लक्ष ठेवावे. प्रश्नपत्रिका, तारे लावलेले तक्ते आणि ‘सांग बघू, मोशेच्या आईने काय केले?’ अशी उलटतपासणी यांतून फारसे कळत नाही. बाहुलीला टोपलीत घालून पलंगाखाली सरकवणारी आणि दाराआडून तिच्यावर नजर ठेवणारी मुलगी निर्गमाचा दुसरा अध्याय शिकलेली असते. असे काही दिसेपर्यंत पुढची गोष्ट काढू नये; कोणत्याच गोष्टीचे असे काही दिसले नाही, तर गोष्ट बदलून पाहावी.